चार फुटांवरून पडणारा डबा

मजबूत डबा करायचा म्हटलं की माणूस सगळ्यात आधी भिंत जाड करतो. माझ्या भाच्यानेही तेच केलं. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यातल्या पानाएवढा कॉम्प्युटर, पाच इंची टचस्क्रीन, दोन सेल आणि एक जीपीएस जोडून त्याने हातात धरायचा संगणक बनवला. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठाने फिरून मगरींच्या आणि पाणपक्ष्यांच्या नोंदी करायच्या, हा त्याचा आणि त्याच्या दोस्तांचा रविवारचा उद्योग. मोबाइल का चालत नाही, असं मी विचारलं नाही. ज्याला स्वतः बनवायचं असतं त्याला हा प्रश्न विचारू नये.

डब्यासाठी त्याने थ्रीडी प्रिंटरवर चांगली ५ मिलिमीटर जाडीची भिंत छापली. सगळ्याचं मिळून वजन झालं पाऊण किलो. पहिल्याच आठवड्यात ते कमाटीबागेत पायऱ्यांवर पडलं. डब्यावर एक ओरखडा. आतला स्क्रीन मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेला.

"मामा, पण डबा वाचला ना!"

"मग आता डबाच वापर," मी म्हटलं.

माझी अख्खी नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, करण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मी गप्प बसत नाही. त्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर बसून भाच्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो.

उंची भागिले अंतर

वस्तू पडल्यामुळे फुटत नाही, ती फार पटकन थांबल्यामुळे फुटते. १.२ मीटरवरून, म्हणजे साधारण चार फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग असतो ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास. सायकलचा वेग. एवढ्या वेगाने जाताना हळूहळू थांबलं तर कुणाला काही होत नाही. प्रश्न असतो तो थांबायला किती जागा मिळाली याचा.

याचा हिशेब इतका सोपा आहे की शाळेत असा का शिकवत नाहीत कळत नाही. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. उत्तर येतं ते थांबताना वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी किती पट जोर पडतो ते. १,२०० मिलिमीटरवरून पडून १ मिलिमीटरमध्ये थांबली, तर १,२०० पट. म्हणजे ५० ग्रॅमची काच त्या क्षणी ६० किलोची होते, आणि तिला धरून ठेवणाऱ्या चार चिमुकल्या खिळांना अख्खा माणूस तोलावा लागतो. तीच काच ६ मिलिमीटरमध्ये थांबली तर जोर २०० पटीवर येतो, म्हणजे १० किलो. ही सरासरी झाली, मधला सर्वांत मोठा झटका तिच्या दुप्पटही असू शकतो, पण प्रमाण हेच राहतं.

भाच्याच्या ५ मिलिमीटर जाडीच्या डब्यात काय झालं ते आता दिसेल. भिंत इतकी ताठ की ती दबलीच नाही. स्क्रीन त्या भिंतीलाच स्क्रूने आवळलेला. त्यामुळे फरशीने डब्याला दिलेला धक्का डब्याने प्रामाणिकपणे, काहीही स्वतःकडे न ठेवता, स्क्रीनला पोचवला. वर जाडीमुळे वजन वाढलं, आणि वजन वाढलं की मारही वाढतो. पाऊण किलोची वस्तू चार फुटांवरून पडली तर सुमारे ९ जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. अर्ध्या किलोच्या वस्तूला ६ जूल पुरतात.

आंब्याची पेटी आठवा. बाहेर लाकडी फळ्या, आत पेंढा. फळ्या टोचण्यापासून आणि चेपण्यापासून वाचवतात, पेंढा आपटण्यापासून. नुसत्या फळ्यांत आंबा भरला तर रत्नागिरीहून बडोद्याला येईपर्यंत त्याचा आमरस होईल. नुसत्या पेंढ्याच्या गाठोड्यात भरला तर वरच्या पेटीच्या वजनाने होईल. कुठलाही टणक डबा या दोन गोष्टींचा बनतो: ताठ कवच आणि त्याच्या आत मऊ थांबा.

मऊ थांबा म्हणजे प्रत्यक्षात काय? स्क्रीनच्या चारही बाजूंना आणि मागे दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा आणि त्यात बसवलेली फोमची पट्टी. डब्याच्या आठही कोपऱ्यांवर बाहेरून रबरासारख्या प्लास्टिकच्या टोप्या, चार-पाच मिलिमीटर पुढे आलेल्या. हे प्लास्टिक टीपीयू या नावाने मिळतं, चपलेच्या तळव्यासारखं लागतं आणि प्रिंटरवर छापताही येतं. कोपऱ्यांवर भर देण्याचं कारण असं की वस्तू सपाट पडायला नशीब लागतं. बहुतेक वेळा ती कोपऱ्यावर येते, आणि सगळा भार नखाएवढ्या जागेवर पडतो. स्क्रीनची काच चौकटीच्या कडेपेक्षा मिलिमीटरभर आत ठेवायची, म्हणजे तोंडावर पडली तरी फरशीला आधी चौकट लागेल.

इथे एक फसगत होते. फार मऊ फोम घेतला तर तो पहिल्याच झटक्यात पूर्ण चेपून बसतो, आणि बसलेला फोम म्हणजे पुठ्ठाच. दाबून पाहायचं: बोटाच्या जोराने निम्म्यापर्यंत जावा, पुढे अडावा.

आणि सेलची जागा. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असे जे गोल सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असत, त्यातला एक सुमारे ४५ ते ५० ग्रॅमचा. दोन झाले की ते डब्यातले सगळ्यात जड पाहुणे. भाच्याने ते स्क्रीनच्या बरोबर मागे दुहेरी चिकटपट्टीने लावले होते. जड माणूस आणि तान्हं बाळ एका खाटेवर झोपवल्यासारखं. सेल वेगळ्या कप्प्यात, कवचाला घट्ट बांधून, आणि आजूबाजूला कुठेही स्क्रूचं टोक येणार नाही असे बसवायचे. लिथियमच्या सेलला टोचलं तर पुढची गोष्ट डब्याची राहत नाही, आगीची होते. चपट्या पाकिटासारखे सेल वापरणाऱ्यांनी तर आणखी एक लक्षात ठेवावं: ते वापराने फुगतात. जाडीच्या दहाव्या भागाएवढी तरी जागा मोकळी हवी, नाहीतर एक दिवस सेलच स्क्रीनला आतून बाहेर ढकलतो.

मंगळ बाजारातला कापडवाला

कापड मोजून झालं की दुकानदार कडेला कात्रीने एक बारीकशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. चीर नसती तर त्याच कापडाशी झटापट करावी लागली असती. प्लास्टिकचंही तसंच. ताण सगळीकडे सारखा पसरलेला असतो तोवर ते पुष्कळ सहन करतं. कुठे धारदार खाच मिळाली की सगळा ताण तिथे गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो.

डब्यातली सगळ्यात धारदार खाच म्हणजे आतला काटकोन, जिथे भिंत तळाला मिळते. कॉम्प्युटरवर चौकोन काढला की तो कोपरा आपोआप सुरीसारखा येतो आणि पडद्यावर फार नीटनेटका दिसतो. आमच्या टूलरूममधला एक जुना गुजराती फिटर प्रत्येक ड्रॉइंग हातात घेतल्यावर एकच वाक्य बोलायचा: "साहेब, खूणा गोळ राखजो." कोपरे गोल ठेवा. निम्मं डिझाइन त्या वाक्यात आहे. आतल्या गोलाईची त्रिज्या भिंतीच्या जाडीच्या निम्मी तरी असावी, आणि बाहेरची त्रिज्या म्हणजे आतली अधिक जाडी, म्हणजे वळणावरही भिंत सारख्याच जाडीची राहते.

मग ताठपणा कुठून आणायचा? पत्र्याचा किंवा प्लास्टिकच्या पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. ऐकायला मोह पडतो, पण वजनही दुप्पट होतं. त्यापेक्षा २.५ मिलिमीटरची भिंत घेऊन तिला आतून उभ्या पट्ट्या द्यायच्या, ज्यांना आम्ही रिब म्हणतो. मंगलोरी कौल उलटं करून पाहा, पाठीवर तेच आहे. मोल्डमधून काढायच्या भागात रिबची जाडी भिंतीच्या साठ टक्क्यांपर्यंत ठेवतात, नाहीतर प्लास्टिक थंड होताना बाहेरच्या बाजूला खड्डा पडतो. घरच्या प्रिंटरवर ती अडचण नाही, पण सवय चांगली आहे.

खारी आणि एबीएस

थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवतो. तयार भाग एकसंध दिसतो, पण आतून तो खारीसारखा असतो: आडवा दाबलात तर टिकतो, थर सुटतील अशा दिशेने ओढलात तर पापुद्रे निघतात. म्हणून छापण्याआधी विचार करायचा की मार कुठून येणार, आणि तो थरांच्या सांध्यावर येऊ नये अशी वस्तू प्रिंटरवर ठेवायची. स्क्रू बसवायच्या उभ्या बारीक नळ्या याच कारणाने मुळापासून मोडतात. त्यांना भिंतीशी रिबने जोडायचं आणि बुडाशी गोलाई द्यायची. आत जाळी भरण्यावर प्लास्टिक घालवू नका, त्यापेक्षा बाहेरच्या कडा चार पदरी करा.

कुठलं प्लास्टिक? सगळ्यात सोपं छापलं जाणारं म्हणजे पीएलए, आणि बडोद्याच्या मे महिन्यात सगळ्यात निरुपयोगीही तेच. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला पीएलएचा डबा दुपारी पापडासारखा वाकडा झालेला मी पाहिलाय. पीईटीजी ८० अंशांपर्यंत तग धरतं. एबीएस शंभरच्या पुढे, आणि मारही चांगला सोसतं. छापताना मात्र त्याला वाऱ्याची झुळूक लागली तरी कडा उचलतात, आणि त्याचा वास घरात कोंडू देऊ नये. एएसए हा त्याचाच चुलतभाऊ, उन्हात पिवळा न पडणारा. रोज बाहेर राहणाऱ्या वस्तूला मी तोच सांगतो.

एबीएसबद्दल आम्हा बडोदेकरांना थोडा घरचा जिव्हाळा आहे. शहराच्या उत्तरेला नंदेसरीला त्याचा कारखाना आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मोल्डमध्ये तिथलाच दाणा भरला गेला. या गावाचा हाताने वस्तू घडवण्याचा इतिहास त्याहून जुना. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते याच शिक्षणासाठी. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आमच्यातले बरेच जण त्याच आवारातल्या, आता विद्यापीठाच्या असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडले. असो, डब्याकडे वळू.

पाणी आत येत नाही, डबा ते ओढून घेतो

पाण्याच्या बाबतीत पहिला शब्द कानावर येतो तो आयपी ६७. हे दोन वेगळे आकडे आहेत, सदुसष्ट नव्हे. पहिला आकडा धुळीचा, सहापर्यंत. सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही. दुसरा पाण्याचा. चार म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, पाच म्हणजे नळीने मारलेली धार चालेल, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलेली चालेल. गंमत अशी की सात मिळालं म्हणजे पाच आपोआप मिळालं असं नसतं. बुडवणं म्हणजे शांत दाब, धार म्हणजे टोचणारा मार. दोन्हींची परीक्षा वेगळी. घरी बनवणाऱ्याने सातच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. ५४ जमलं तरी पावसात काम होतं. भाच्याने यावर २०२४ च्या ऑगस्टातल्या पुराची आठवण काढली. मी म्हटलं, विश्वामित्री रस्त्यावर येते तेव्हा मगरीही येतात. त्या दिवशी नोंदी घरी बसून कर.

झाकण बंद करायला रिंग लागते. कुकरची रिंग डोळ्यांसमोर आणा. ती दोन पृष्ठभागांमध्ये चेपली जाते म्हणून वाफ अडते, नुसती ठेवली म्हणून नाही. डब्यासाठी २ मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची गोल दोरी घ्यायची आणि तिच्यासाठी दीड मिलिमीटर खोल खाच करायची. झाकण बसलं की दोरी पाव हिश्शाने चेपते. एवढं चेपणं बरोबर. पण खाच रुंद किती? रबर आकार बदलतं, आकसत नाही. वरून दाबलं की त्याला बाजूला सरकायला जागा लागते. दोरीचा छेद ३.१४ चौरस मिलिमीटर; खाच अडीच मिलिमीटर रुंद केली तर तिचा छेद ३.७५. म्हणजे सुमारे ८४ टक्के भरलेली खाच आणि उरलेली जागा श्वास घ्यायला. खाच दोन मिलिमीटरचीच ठेवली की झाकण बसतच नाही, माणूस स्क्रू पिळत राहतो आणि शेवटी प्लास्टिक फाटतं.

स्क्रू रिंगच्या बाहेरच्या बाजूला हवेत. आत ठेवले तर पाणी रिंगला नमस्कार करून स्क्रूच्या भोकातून आत जातं. आणि स्क्रू एकमेकांपासून फार लांब नकोत, नाहीतर मधल्या भागात झाकण कमान करतं; ४०-५० मिलिमीटरवर एक ठीक. छापलेल्या भागाचा रिंगखालचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करायचा, कारण थरांच्या रेघा म्हणजे पाण्यासाठी खोदलेले पाटच.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे चांगले चांगले डबे भिजतात. जूनची दुपार. डबा उन्हात तापून आतली हवा ६० अंशांवर गेली. तापलेली हवा फुगते आणि कुठल्या ना कुठल्या बारीक फटीतून हळूहळू बाहेर पडते, आतबाहेर दाब सारखा होतो. तेवढ्यात वळीव कोसळतो. डबा भिजून २५ अंशांवर येतो. आतली हवा आकसते आणि दाब जवळजवळ साडेदहा टक्क्यांनी घसरतो. वातावरणाच्या दाबाचे साडेदहा टक्के म्हणजे किती? एक मीटर पाण्याच्या दाबाएवढे. म्हणजे तुम्ही डबा हातात धरून झाडाखाली उभे आहात आणि डब्याच्या दृष्टीने तो विहिरीत मीटरभर खोल बुडालेला आहे. ज्या फटीतून हवा बाहेर गेली तिच्यातूनच तो आता पाणी ओढतो. स्ट्रॉने शहाळं प्यावं तसं.

यावर उपाय रिंग आणखी आवळणं हा नाही. डब्याला नाक द्यायचं. ताणलेल्या पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनच्या घराण्यातली, एक पांढरी पातळ चकती मिळते. तिची छिद्रं इतकी बारीक असतात की हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. पाच-सहा मिलिमीटरच्या भोकावर आतून ती चिकटवली की दाब तिथल्या तिथे सारखा होतो आणि रिंगवर ताणच येत नाही. मोटारींच्या हेडलाइटमध्येही याच कामाची चकती असते.

डब्याच्या आतला मे महिना

डबा बंद केला की पाणी थांबतं आणि उष्णताही अडकते. हे दोघं सवतीसारखे आहेत. एकीचं ऐकलं की दुसरी रुसते. रास्पबेरी पाय ८० अंशांपर्यंत तापला की स्वतःच वेग कमी करायला लागतो, ८५ ला आणखी. जळत नाही, पण रेंगाळतो.

१८ बाय १० बाय ३ सेंटिमीटरच्या डब्याचं एकूण पृष्ठफळ होतं सुमारे ०.०५३ चौरस मीटर. पंखा नसलेल्या वस्तूचा प्रत्येक चौरस मीटर, हवेपेक्षा एक अंश जास्त गरम असताना, साधारण १० वॉट उष्णता सोडतो. स्क्रीनसकट ५ वॉट खर्च धरला तर डब्याची पाठ हवेपेक्षा नऊ-दहा अंशांनी वर राहते. जानेवारीत हाताला ऊब. मेमध्ये हवा ४३ असेल तर पाठ ५३. सावलीत, हे महत्त्वाचं.

कारण उन्हाचा हिशेब वेगळाच आहे. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला हजार वॉटच्या घरात असतं. डब्याचा तोंडवळा ०.०१८ चौरस मीटर. काळा डबा त्यातलं जवळजवळ सगळं पितो, म्हणजे १८ वॉटपर्यंत. आत बसलेला कॉम्प्युटर ५ वॉट तापवतोय आणि आकाश त्याच्या साडेतीनपट. भाच्याच्या डब्याचा रंग? अर्थातच काळा. टणक दिसायला हवा ना! लष्करी, काळी, करडी वस्तू सिनेमात शोभते. बडोद्यात पांढरी किंवा फिक्या खाकी रंगाची घ्यावी.

उरलेली ५ वॉट पाठीपर्यंत पोचवणं हे आतलं काम. चिप आणि भिंत यांच्यात हवा असेल तर उष्णता तिथेच घुटमळते, कारण अडकलेली हवा म्हणजे गोधडी. प्लास्टिकही त्यात फार पुढे नाही. ॲल्युमिनियम एबीएसच्या साधारण हजारपट चांगली उष्णता वाहून नेतं. म्हणून डब्याची पाठ २ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पाटाची करायची, चिप आणि पाट यांच्यात दीड मिलिमीटरचा मऊ थर्मल पॅड ठेवायचा, आणि कॉम्प्युटर त्या पाटालाच बांधायचा. १९८२ मध्ये आलेल्या ग्रिड कंपास या घडीच्या संगणकाची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तो पुढे अंतराळयानातही गेला.

पूर्ण धातूचाच डबा का नाही, हा प्रश्न येतोच. कारण धातूच्या बंद डब्यातून वायफाय बाहेर पडत नाही आणि जीपीएसला आकाश दिसत नाही. पाठ धातूची, पुढचं आणि कडा प्लास्टिकच्या, जीपीएसची चौकोनी वडी वरच्या प्लास्टिकच्या टोकाखाली, आणि बोर्डाच्या ज्या कोपऱ्यात वायफायची अँटेना आहे तिथे पाटाला खिडकी. खिडकीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवायचा, आणि हो, तोही पाणी न गळता.

इथपर्यंत आलं की डब्याची आतली मांडणी आपोआप ठरते. कॉम्प्युटर आणि सेल मागच्या पाटाला घट्ट. स्क्रीन पुढच्या चौकटीत फोमवर तरंगता. दोघांच्या मध्ये फक्त एक चपटी केबल, थोडी सैल, घडी घातलेली. धक्का लागला तर दोन्ही भाग आपापल्या परीने हलतात, एकमेकांना ओढत नाहीत.

बारीकसारीक, पण डबा इथेच मरतो

प्लास्टिकमध्ये सरळ पिळलेला स्क्रू चार-पाच वेळा उघडला की आटे जातात. घरचा डबा तर पन्नास वेळा उघडतो. म्हणून भोकात पितळेचे आट्यांचे इन्सर्ट बसवायचे, सोल्डरिंग आयर्नने तापवून, सरळ, सावकाश. अशा पितळी मालाचं माहेर जामनगर, त्यामुळे गुजरातेत ते मुठीने मिळतात.

स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर टाकायचं जे निळं-लाल द्रव मिळतं, ते धातूंसाठी आहे. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला ते लागलं की प्लास्टिकला ताणाच्या जागी केसासारखे तडे जातात, तेही काही दिवसांनी, जेव्हा कुणाला द्रव आठवतही नाही. मी एकदा पन्नास नग असेच घालवलेत. नायलॉन रिंगचा नट वापरा, किंवा स्प्रिंग वॉशर.

बटणांसाठी टीव्हीच्या रिमोटसारखी सिलिकॉनची एकसंध चादर उत्तम. तीच बटण, तीच रिंग. आणि चार्जिंगचं सॉकेट कधीही बोर्डाच्या भरवशावर ठेवू नका. बोर्डावर ते चार टाक्यांनी धरलेलं असतं, केबलला पाय अडकला की टाके उखडतात. सॉकेट डब्याच्या भिंतीला आवळलेलं घ्यायचं, टोपीसकट, आणि तिथून आत सैल तार. ओढ डब्याने सोसावी.

ओट्यावरची परीक्षा

अमेरिकी लष्कराच्या ८१० या मानकात पडण्याची जी परीक्षा आहे तीत हातात नेण्याजोगी वस्तू २६ वेळा पाडतात, १.२२ मीटरवरून, काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर. सव्वीसच का? कारण खोक्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात. सगळे एकेकदा. आमच्या ओट्यावर प्लायवूड नाही, कोटा फरशी आहे, म्हणजे परीक्षा जरा कडकच.

आत खरा कॉम्प्युटर घालून पाडायचं नाही, हे उघड. स्क्रीनच्या जागी त्याच वजनाची काच, सेलच्या जागी त्याच लांबीचे लोखंडी गजाचे तुकडे वजन जुळवून, बोर्डाच्या जागी प्लायचा तुकडा. वजन बरोबर हवं, नाहीतर परीक्षा खोटी. प्रत्येक पडण्यानंतर उघडून पाहायचं आणि तडा कुठून सुरू झाला ते पेन्सिलने खूण करून ठेवायचं. डबा कुठे मोडला यापेक्षा तडा कुठून निघाला हे जास्त सांगतं. दुसऱ्या आवृत्तीचा डबा एकोणिसाव्या वेळी, खालच्या डाव्या कोपऱ्यावर गेला. तडा निघाला होता दोरी ओवायच्या भोकापासून. गळ्यात अडकवायची दोरी, पडू नये म्हणून केलेली सोय, नेमकी कोपऱ्याच्या ऐन ताणाच्या जागी.

पाण्यासाठी आमची जुनी युक्ती. कागदावर फाउंटन पेनने, पाण्याने विरघळणाऱ्या शाईने, ओळीच ओळी लिहायच्या आणि तो कागद आतून चारी बाजूंना लावायचा. आधी डबा तासभर गच्चीवर उन्हात ठेवायचा, मग सरळ बादलीत. थंड डबा बुडवून पाहणारे स्वतःची फसवणूक करतात. बाहेर काढून पुसून उघडलं की ज्या ओळीची शाई पसरली, तिथे फट.

तिसरी आवृत्ती पांढरी आहे, ४८० ग्रॅमची, दोरीचं भोक कडेच्या मध्यावर सरकवलेलं. सव्वीस वेळा पडली. गेल्या रविवारी गच्चीवरून बादलीत गेली. भाच्याने कागदावर सगळीकडे 'मगर मगर मगर' लिहिलं होतं. तीन बाजू कोरड्या निघाल्या. चार्जिंगच्या टोपीपाशी एका मगरीचा शेवटचा 'र' पसरला होता. टोपी बदलतोय.